सवय नाही, श्वास अडकतोय

जिन्यातला दिवा उडाला की ‘इथे काहीतरी आहे’ म्हणणाऱ्यांना फ्यूज दाखवणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय. इतरांची त्याहून जास्त येतेय, म्हणून लिहिते.

मी मुलुंड पूर्वेला राहते, वय बावन्न. मानेतली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशनआधीचे चार महिने कडक पेनकिलरवर काढले. प्रत्येक गोळी वहीत — नाव, वेळ, किती तास आराम. पुढे उजवा हात इतका बधिर झाला की मी सांगायचे आणि माझा नवरा सुहास लिहायचा.

ऑपरेशनआधी हॉस्पिटलने गोळ्यांची यादी मागितली. मी सगळी दिली, एकही लपवली नाही. तीच नडली.

ऑपरेशन सकाळी झालं, गळ्याच्या पुढच्या बाजूने. दुपारी वॉर्डात आणलं. चार वाजता दुखण्याचं इंजेक्शन दिलं, सुहासने नोंद केली. थोड्या वेळाने गळा आवळल्यासारखा वाटायला लागला. सिस्टरला सांगितलं.

“मावशी, आत्ताच दिलंय ना? लगेच दुसरं नाही मिळत.”

“इंजेक्शन नकोय गं मला. गळा आवळतोय.”

तिने माझी यादी चाळली. “एवढ्या गोळ्या घेत होतात... सवय लागते हो. झोपा.”

ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्याकडे न बघता सुहासला म्हणाले, “अशा पेशंटचं असंच असतं.” आणि सुहास — सत्तावीस वर्षांचा संसार! — मलाच म्हणतो, “अगं, जरा सहन कर ना. सगळ्यांना कशाला त्रास?” वही शबनममध्ये टाकून चहा प्यायला गेला.

पुढचं त्याच्याकडून कळलेलं. कँटीनमध्ये त्याने सहज वही उघडली. त्याच्या चारच्या नोंदीखाली माझ्या अक्षरात एक ओळ होती — “५.१०. मान डावीकडून फुगतेय. सवय नाही, श्वास अडकतोय.”

घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

तो जिन्यावरून धावत आला आणि डॉक्टरांचा हात धरून त्यांना माझ्यापाशी घेऊन आला. ड्रेसिंग काढलं तर मान खरंच डावीकडून फुगलेली. आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जात होती. मला तसंच पुन्हा ऑपरेशनला नेलं.

मी वाचले. सहा आठवडे कॉलर लावली, गोळ्या कमी करत करत महिन्याभरात पूर्ण बंद केल्या. सवय म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

सर्जन म्हणाले, “तुम्ही आधीच लिहिलं असेल, मॅडम.” चारच्या नोंदीखाली? वही सकाळपासून सुहासकडे, माझ्या हातात सलाइन. शिवाय ते अक्षर ठसठशीत आहे, दुखणं सुरू होण्यापूर्वीचं. तसं अक्षर आजही मला काढता येत नाही.

नणंद म्हणते, “वहिनी, देवीनेच लिहिलं गं! ओटी भरून ये.” सुहास तो विषय निघाला की उठून गॅलरीत जातो.

ओळ कोणी लिहिली, मला माहीत नाही. कधी कळेल असंही वाटत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडत नाही. पण मी शुद्धीवर होते, आणि तीन माणसांना तोंडाने सांगितलं होतं. ते का नाही ऐकलंत? हे मात्र मला कोणीतरी समजावून सांगा.