डोंगरावरचं मीठ

खडेमिठात हात घातला की साठ सालच्या आसपासची, डहाणूच्या शाळेतली एक दुपार आठवते. खिडक्यांवर घोंगड्या टाकून मास्तरांनी वर्गात अंधार केला होता. डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या पोरक्या मुलीची गोष्ट त्यांनी आम्हांला वाचून दाखवली होती आणि आज तिच्यावरचा इंग्रजी सिनेमा भिंतीवर दिसणार होता. पोरांचे आईबापही आले होते. आधी बकऱ्या दिसल्या, मग अख्खा डोंगर पांढरा झाला. बर्फ आम्हांला ठाऊक होता तो मासळीवर फोडून घालायचा, भुसा चिकटलेल्या लादीचा. मी मोठ्याने म्हणाले, “केवढं हे मीठ.” वर्ग हसला. मागे बसलेले माझे बाबा मिठागरात राबायचे. ते शांतपणे म्हणाले, “मीठच हाय ते. माझा जल्म मिठात गेला.” आता मास्तरही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा त्या पांढऱ्या उजेडात मिठाने चिरलेले स्वतःचे पाय बघत बसले. पुढचा सिनेमा आम्ही दोघांनीही पाहिला नाही. परवा नातवाने मला मनालीला नेलं. सगळे फोटो काढत होते तेव्हा मी वाकून चिमूटभर बर्फ उचलला आणि जिभेवर ठेवला. खारट लागला असता तर फार बरं झालं असतं.