नव्या गाडीच्या तेलाचा वास

माझी नोकरी वाचवली ती गिरगावातल्या वकीलसाहेबांनी. मी त्यांचा ड्रायव्हर. सातवीत शाळा सुटलेला, घर लांब खानदेशात.

रोज सकाळी साहेब धोतर सावरत नव्या गाडीचं बॉनेट उघडत, तेल मोजायची सळई काढत आणि डोळे मिटून अत्तरासारखा तिचा वास घेत. कोवळ्या उन्हात ते झोपेतच उभे आहेत असं वाटे.

“पेट्रोल रे,” ते हळूच म्हणत. “पुन्हा इंजिनाच्या तेलात उतरलं. नवी गाडी, आणि हे भोग.”

गॅरेजवाला म्हणाला, “ड्रायव्हर चोक ओढून ठेवतो, इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं, म्हणून उतरतं. माणूस बदला.”

साहेबांनी चावी मागून घेतली. कोर्टात, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना, सगळीकडे स्वतः गाडी चालवत गेले. मी ओट्यावर बसून गावाकडची वाट आठवत राहिलो.

आठवड्याने त्यांनी हाक मारली, सळई माझ्या नाकाशी धरली. पेट्रोलच.

“आता चोकवर माझाच हात होता ना? मग मलाही काढून टाकू का?” म्हणाले, आणि चावी माझ्या हातात ठेवली.

साहेब थकतील, घराचा तिसरा मजला चढवेनासा होईल, तेव्हा मी त्यांना पाठीवर घेऊन वर नेईन. हे मी मनाशी ठरवून ठेवलंय.