खुबा बसल्याचा आवाज

"खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थांबलाय. एव्हीएन म्हणतात याला. हाड मरत चाललंय, सांधा बदलावा लागेल," एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले. सहा महिने मी जांघेला तेल चोळत बसलो होतो!

मी कबनूरचा जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. दिवसभर उभं राहायचं, आवाजावरून बिघाड ओळखायचा. उभा राहू न शकणारा जॉबर कोण ठेवून घेणार?

सरकारी विम्याचं कार्ड घेऊन मी आणि बायको, सुरेखा, कोल्हापुरात आलो. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात विचारलं, "कार्ड चालतं का?"

"चालतंय की!"

चार तास बसल्यावर कळलं, तिथं कार्ड चालतं ते हृदयाच्या ऑपरेशनला. दुसरीकडं तीच गत. मागाचं दुखणं मी खोदून खोदून विचारतो, आणि स्वतःच्या वेळी अर्धवट विचारत फिरलो. तुम्ही असं करू नका. आपलं नेमकं ऑपरेशन या कार्डावर इथं होतं का, असंच विचारा. विमा योजनेच्या दवाखान्यात माहिती द्यायला आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांना गाठा.

तिसऱ्या ठिकाणी सुरेखानं तसंच विचारलं. आरोग्यमित्र बाईंनी रिपोर्ट चाळले. "व्हतंय की. सर आत हायत, जावा." मला तिथंच रडू फुटलं.

आठ दिवसांनी मंजुरी आली. ऑपरेशन स्पायनलवर झालं, म्हणजे कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं. मी जागा होतो. नवा सांधा हाडात बसवायला पडद्यापलीकडं चक्क हातोडा सुरू झाला! घाबरायचं सोडून मी ऐकतच राहिलो. ठोका आधी पोकळ वाजत होता, मग भरीव झाला, आणि एकदम वर चढून खणखणला.

"बसला!" मी ओरडलो.

हातोडा थांबला. सर पडद्यावरून डोकावले. "पावणं, तुमास्नी कसं कळलं?"

"आवाजावरनं. जॉबर हाय मी."

"मी बी त्याच आवाजाची वाट बघत हुतो की! अजून एक मारू?"

"नको सर, फुटंल."

सर खदखदून हसले आणि हातोडा ठेवला. एवढा शिकलेला माणूस माझ्यासारखाच कान देऊन काम करतो, याचं नवल मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिलो. तीन महिन्यांनी कामावर गेलो. मांडी तेवढी घालायची नाही.

आता रोज घरातून निघताना चार पावलं कान देऊन टाकतो. सांध्याचा काहीच आवाज येत नाही. आम्हा जॉबर लोकांत यापेक्षा मोठी शाबासकी नसते.