रामाकोन्याची गाडी आणि तिसरी घंटा

बबन गेल्याचं मला सौंसरच्या बसस्टँडवर, पानठेल्यापाशी कळलं. पानवाला पान बांधता बांधता म्हणाला, "आता आपल्या जुन्या थेटराचं कोन सांगन बाप्पा?" आणि हे तो कुणाला म्हणाला? मला! त्याच थेटराचा इतिहास साठ पानं लिहून बसलेल्या रिटायर मास्तरला. मित्र गेल्याचं दुःख व्हायच्या आधी माझ्या पोटात दुखलं... लाज वाटते, पण तसंच झालं.

आम्ही दोघं त्या थेटरातच वाढलो. गावातल्या नाटकांत मी नायक असायचो, आणि बबन, बापानंतर, घंटा द्यायचा. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. मी दोन दोन महिने पाठांतर करून घसा फोडायचा, आणि बाहेर निघताना लोकांनी म्हणायचं, "बबन्यानं तिसरी काय वाजवली गा!" तेव्हापासूनचा माझा हेवा. पुढे नाटकं बंद पडली, थेटरात संत्र्याच्या पेट्या भरल्या, तरी कुणी नवा माणूस आला की लोक त्याला बबनकडेच धाडायचे. मग बबनची ठरलेली गोष्ट... रामाकोन्याहून छोट्या लाइनच्या आगगाडीनं बाया शिदोऱ्या घेऊन नाटकाला यायच्या, आणि ती गाडी आल्याशिवाय त्याचा बाप तिसरी घंटा देत नसे. नायक तोंडाला रंग लावून खोळंबला तर खोळंबला!

साफ खोटं. मी नाटकाची जुनी जाहिरात मिळवली, गाडीची वेळ विचारून घेतली. गाडी दुपारीच येऊन जायची, नाटक जेवणं उरकल्यावर. शाळेच्या कार्यक्रमात बबन रंगात आला असताना मी उठलो आणि भर सभेत कागद वाचून दाखवला. बबन एवढंच बोलला, "मास्तर, तुह्या कागदात गाडीची येळ हाय. माहा बाप लोकाइची वाट पाहे." त्यानंतर माझ्यासमोर त्यानं ती गोष्ट कधी काढली नाही. माझ्यामागे सांगत राहिला, आणि लोक तीच ऐकत राहिले.

त्याच्या तेरवीनंतर शाळेच्या मुली थेटर बघायला आल्या. आता सांगणारा मी एकटाच! साठही पानं घेऊन गेलो. पाया, लाकूड, छप्पर... तिसऱ्या पानावर पोरी जांभया द्यायला लागल्या. एकीनं रुळाकडे बोट दाखवलं, "सर, हे काय होय?" मी कागद मिटले, आणि तोंडून निघालं, "रामाकोन्याची गाडी आल्याशिवाय तिसरी घंटा वाजत नव्हती बरं..." बाया, शिदोऱ्या, खोळंबलेला नायक, सगळं सांगितलं. पोरी डोळे मोठे करून ऐकून राहिल्या होत्या. माझं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाले कोनं सांगतलं, सर?"

"मले माहीत हाय," मी म्हणालो. बबनचं नाव घेतलं नाही.

पोरी गेल्यावर मी एकटाच व्हरांड्यात थांबलो. रूळ तिथंच आहे. बबनच्या आणि त्याच्या बापाच्या हातोडीनं त्याला मधोमध खळगा पडलाय, अंगठा बरोबर बसेल एवढा. मी अंगठा ठेवून पाहिला... आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. पोरींनो, ती गोष्ट बबनची आहे.