आमच्या परसातला पाला

आमच्या घरी रोज न चुकता पाणी मिळायचं ते गोठ्यामागच्या रोपांना. मला जेवायला मिळणार की नाही, हे आई-बाबा कधी शुद्धीवर येतात त्यावर ठरायचं.

बाबा आदिलाबादच्या नोकरदार घरातले. हैदराबादला इंजिनिअरिंगला गेले, तिथं आई भेटली आणि दोघांनाही एकदमच साक्षात्कार झाला की नोकरी, घड्याळ, पगार ही सगळी गुलामी आहे. शिक्षण सोडून दोघं आजोबांच्या, आदिलाबादजवळच्या एका धबधब्याच्या वाटेवरच्या शेतात येऊन राहिले. आजोबांनी शेत दिलं आणि येणं-जाणं बंद केलं. मग हैदराबाद-नागपूरचे लांब केसांचे पाहुणे मोटारसायकलींवर यायला लागले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ओसरीवर गिटार, चिलीम आणि जग कसं बदलावं याच्या गप्पा. जग बदलायला निघालेल्या या मंडळींत एकालाही चुलीवर भात ठेवावा असं सुचत नसे. मीच ठेवायचे. सगळे बोटं चाटत जेवायचे आणि "लेकरू कसं मोकळं वाढून राह्यलं" म्हणून माझं कौतुक करायचे.

मोकळं म्हणजे काय, तर शाळेत जा असं कुणी म्हणत नसे आणि जाऊ नको असंही नाही. शाळा तेलुगूतली, घरची भाषा मराठी, तरी मी एक दिवस चुकवत नसे. तिथं दुपारी ठरल्या वेळी जेवण मिळायचं.

चौथीत असताना दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत बतुकम्माचा, म्हणजे फुलांचा सण होता. प्रत्येक मुलीनं ताटात फुलांचे थर रचून उंच मनोरा करायचा, सगळ्यांचे मनोरे मधोमध ठेवायचे आणि भोवती फेर धरून गायचं. बाकीच्या मुलींच्या आया आदल्या दिवसापासून कामाला लागलेल्या. मी एकटीनंच बांधावरून तरवडाची पिवळी फुलं आणली, कुर्डूचे तुरे आणले. फुलांखाली पसरायला लोक भोपळ्याची पानं घेतात. आमच्याकडे भोपळा कुणी लावलेला नव्हता. गोठ्यामागची पानं मात्र कशी टवटवीत होती, कातरल्यासारख्या कडांची. मी ती थराथरात अशी खोचली की टोकं बाहेर दिसावीत. माझ्यासारखा मनोरा कुणाचाच नसणार याची मला खात्री होती आणि ती खरी ठरली.

आमच्या टीचरनं ताट पाहिलं, हसली, मग तिचा चेहरा उतरला. पदराखाली ताट झाकून तिनं मला स्वयंपाकखोलीत नेलं.

"पानं कुठली?"

"आमच्या घरची. बाबा लावतात," मी अभिमानानं सांगितलं.

तिनं सगळी पानं उपसून चुलीत टाकली. धूर झाला आणि आमच्या ओसरीवरच्या चिलमीचा वास शाळेत आला. ती का घाबरली ते मला तेव्हा कळलं. भोपळ्याची पानं घालून तिनं थर पुन्हा रचले आणि मला फेरात पाठवलं. मी फेर धरला, पण गाण्याचे शब्द काही केल्या आठवेनात.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. तेलुगू वळणाच्या मराठीत तिनं बाबांना विचारलं, "पोलीस आले तर या पोरीनं काय करायचं?"

"मॅडम, झाड हाये ते. कायदा माणसानं केला, झाडानं नाही," बाबा म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

टीचरनं वाद घातला नाही. आदिलाबादला मुलींची निवासी शाळा आहे, पाचवीपासून घेतात, परीक्षा द्यावी लागते, एवढंच तिनं सांगितलं.

"आमी तिच्यावर काही लादत नाही," बाबा ऐटीत म्हणाले. "तिलेच इचारा."

"मी जातो," मी म्हटलं.

आई दचकली. "काऊन? इथं तुले कोण काय म्हणते?"

"कोणीच काही म्हणत नाही म्हणून."

त्यानंतर शाळा सुटल्यावर टीचर मला घेऊन बसायची. मी परीक्षा पास झाले. आता एकच अट उरली होती. प्रवेशाच्या दिवशी आई किंवा बाप, एकानं हजर राहायचं. नाही तर जागा दुसऱ्या मुलीला.

त्या सकाळी घरभर माणसं आडवी पडली होती. बाबांना हलवलं तर "दुपारी जाऊ ना" म्हणून कुशीवर वळले. दुपारी बस नव्हती. मला इतका राग आला की रडायचंही राहून गेलं. मी आईला बसतं केलं, तोंडावर पाणी मारलं, केसांतला गुंता सोडवून वेणी घातली, साडीच्या निऱ्याही मीच खोचल्या. रस्त्यापर्यंत हात धरून नेलं. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी तिचं मनगट सोडलं नाही.

शाळेत मात्र ती एकदम ताठ बसली. तिथल्या मोठ्या बाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिनं स्वच्छ, नेमकं उत्तर दिलं, वर दोन वाक्यं इंग्रजीत. बाई खूश झाल्या. मी आईकडे बघतच राहिले. म्हणजे हिला सगळं येत होतं. आयुष्यात मला तिचा सगळ्यात जास्त राग आला तो ती त्या खुर्चीत इतकी हुशार होऊन बसली तेव्हा.

फाटकापाशी बाकीच्या मुली आयांना बिलगून रडत होत्या. आमच्याकडे आईच रडत होती. माझ्या फ्रॉकची बाही तिनं मुठीत धरली होती.

"आता मले सकाळी कोण उठवन?" ती म्हणाली.

मला वाटलं, परत जावं. खरंच वाटलं. एक पाऊल मागे टाकलंही होतं.

"तूच ऊठ," मी म्हटलं, तिची बोटं एकेक करून सोडवली आणि परतीच्या बसचा कंडक्टर समोर चहा पीत उभा होता, त्याला तेलुगूत सांगितलं की हिला धबधब्याच्या फाट्यावर उतरवा, झोपली तर हाक मारा.

मग मी आत गेले. जेवणाची घंटा झाली तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे मी होते. त्या दिवशी मी तीनदा भात वाढून घेतला आणि कुणासाठी काही ठेवलं नाही.