बॉयलरदादाचा फोन

आमच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्याला सगळे बॉयलरदादाच म्हणायचे. एकतीस वर्षांत त्याने पाण्याची पातळी कधी खाली जाऊ दिली नाही. घंटा वाजली की हातातला घास ठेवून उठायचा. मी फिटर, दुरुस्ती माझ्याकडे. मला बजावायचा, "खोटी घंटा त्याच दिवशी नीट कर. दोनदा खोटी वाजली की तिसऱ्यांदा माणूस उठत नाही."

वाफेने भाजलेला एक सोबती त्याने स्वतः उचलून बाहेर आणला होता. भाजलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या दवाखान्यात तो बरा झाला. म्हणून निवृत्त झाल्यावर दादाने त्या संस्थेला देणगी दिली. कुणाला न सांगता.

आठवड्यात फोन सुरू झाले. आधी आभार. मग, काका, आणखी थोडं. मग भाजलेल्या मुलीचा फोटो, खाली ओळ: 'तुम्ही गप्प बसलात तर हिचं काय?' दादाने पुन्हा दिले. फोन दिवसाला सहा झाले, दर वेळी नवी मुलगी, नवा नंबर.

"अनोळखी नंबर उचलू नकोस," मी म्हणालो.

"आणि ताईचं काय?"

थोरली बहीण त्याच्याजवळच राहायची. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांच्या आत. सरकारी रुग्णालयात खाट रिकामी झाली की फोन येणार होता, कुठल्याही नंबरावरून. आपण नाही म्हटलं की खाट पुढच्याला.

ताई म्हणायची, "तरुणपणी एवढ्या पोरींनी विचारलं असतं, तर तुझं लग्न तरी झालं असतं." पण फोन वाजला की तिचाही हात छातीवर जायचा.

दोन बस बदलून दादा संस्थेच्या कचेरीत गेला. माझा नंबर काढून टाका, म्हणाला. टेबलामागच्या मुलीने नम्रपणे लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून फोन दहा झाले. "काका, आपण स्वतः भेटायला आलात, म्हणून म्हटलं..."

काम चांगलं होतं, हीच अडचण. त्यांना शिव्या घालायला दादाची जीभ रेटत नव्हती.

एका सकाळी मी त्याच्याकडे बसलो होतो. चार फोन होऊन गेले होते. पाचवा वाजला. बाईचा आवाज: "नमस्कार काका, दोन मिनिटं..."

"नको! काही नको आम्हाला! पुन्हा फोन करू नका!" दादा ओरडला आणि फोन ठेवला. त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

चार दिवसांनी ताईला तपासणीला घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद आमच्याकडे फिरवला. खाट रिकामी, फोन केला, सकाळी साडेदहा. पुढे लिहिलं होतं: नातेवाइकांचा नकार.

दादाने ते दोनदा वाचलं. "नकार नव्हता तो. मला वाटलं, दुसरंच कुणी..."

"पुन्हा फोन करू नका, असं म्हणालात ना? आता नाव यादीत शेवटी. चार महिने लागतील."

ताई जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसली होती. त्यापुढे तिला चढता आलं नव्हतं. दादाने काही न लपवता सांगितलं.

"चार?" तिने दम घेतला. "मग डॉक्टरांना चारच म्हणायचं असेल रे. तोंडातून दोन निघालं."

तो हसला नाही. उठवायला त्याने हात पुढे केला.

"थांब जरा," ती म्हणाली.

आम्ही थांबलो. माणसं आम्हाला वळसा घालून वर जात होती. ती काही उठेना.