आंबलेलं धुवण

बरणीचं झाकण उघडून ती आधी डोळे मिटायची, नाक आत घालायची आणि म्हणायची, "अजून झोपून राहिलं. उठू दे."

बरणीत तांदळाचं धुवण असायचं. दोन-तीन दिवस ठेवून आंबवलेलं, ताकासारख्या वासाचं. अर्जुनी मोरगावात माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागून तिचं पार्लर. एक पडदा, एक खुर्ची, एक पंखा, बस. शहरात हेच पाणी इवल्याशा बाटलीत भरून काय भाव लावतात, तुम्हाला ठाऊकच असेल! ही कापसानं ते चेहऱ्यावर टिपायची, वरून हळूहळू बोटं फिरवायची, की बाई झोपलीच. धानाच्या रोवणीत उन्हानं रापलेल्या, सासूवर चिडलेल्या, सगळ्या झोपायच्या. त्या आंबूस वासानं पडद्याच्या अलीकडे मलाही गल्ल्यावर डुलकी लागायची. दुकान कोणी उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं.

झोपली नाही ती तिची स्वतःची मुलगी. गोंदियाला शिकत होती, तिला त्या वासाची लाज वाटे. आईला चेहऱ्याला हात लावू देत नसे. लग्न ठरलं तेव्हा आईनं एवढंच मागितलं, की लग्नाच्या दिवशी तुझा चेहरा मी करीन. पोरीनं गोंदियाची ब्युटिशियन सांगून टाकली. तरी हिची आशा सुटेना, म्हणून घरच्या तांदळाची बरणी लावलीच.

लग्नाच्या सकाळी हिच्या सासूबाईंच्या नजरेस ती बरणी पडली. तांदळाचं धुवण म्हशीचं, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. म्हातारीनं ते बादलीत ओतलं, म्हशीनं घटाघटा संपवलं. अख्खं घर हसलं. तीही हसली, पण मला तिच्याकडे बघवेना.

ब्युटिशियन खोका उघडून बसली होती. नवरी मात्र उठून सरळ गोठ्यात आईकडे आली.

"आई, तुझं पानी?"

"म्हशीनं पिलं."

"मग हात तरी लाव."

"वास येते हाताले, बाई."

"येऊ दे."

तिनं हात पदराला पुसले आणि लेकीच्या गालांवर ठेवले. थोड्या वेळानं पोरीची मान आईच्या खांद्यावर कलली. वरात दाराशी आली, बँड वाजू लागला, तरी आम्ही कोणी तिला उठवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तिची आई गेली. पार्लरच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मुलगी सासरहून, तिरोड्याहून आली की माझ्याकडे बसते. परवा म्हणाली, "मावशी, एवढा उशीर काऊन केला मी?"

मी तिचा हात हातात घेतला आणि बांगड्या भरत राहिले.